जहाजावरचा 'नळ', 'पाईप' की 'वाहिनी'? आणि बिल्जला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (अनगोळ, बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझा भाऊ फिटर ट्रेडच्या पोरांचा संध्याकाळी जादा तास घेतो, त्यातली तीन-चार जण वास्कोला शिपयार्डात नाहीतर थेट जहाजावर जायचं म्हणतात. पोरं मराठी शाळेतली, पुस्तक इंग्लिश, आणि दिवसा शिकवणारे सर कन्नडात समजावतात, म्हणजे एकाच पाईपला तीन नावं. भावानं मला जहाजावरच्या पाईपलाईनींवर चार पानं सोप्या मराठीत लिहून दे म्हणून सांगितलंय आणि मी पहिल्याच ओळीला अडकले. नळ लिहिलं तर पोरांना घरची तोटी दिसते, नळी लिहिलं तर सलाईन, वाहिनी लिहिलं तर टीव्ही. त्यात बिल्ज, बॅलास्ट, सी चेस्ट, साऊंडिंग पाईप असले शब्द. मोबाईलवर भाषांतर करून बघितलं तर साऊंडिंग पाईपला 'ध्वनी नलिका' आलं, ते चूक आहे एवढं कळतंय पण बरोबर काय ते कळेना. कुणी जहाजावर काम केलेलं आहे का इथं?

प्रतिसाद (खानापूर तालुका)

ताई, मी जहाजावर फिटर होतो, आता गावाकडं शेती बघतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण मी गेलो तेव्हा मला हे सांगायला कुणी नव्हतं, सहा महिने नुसता लाईनींच्या मागं फिरून कुठली कुठं जाते ते पाठ केलं.

आधी पाईपचं. पाईपला पाईपच म्हणा, वाहिनी नको. बेळगावात राकसकोपचं पाणी येतं त्याची मोठी लोखंडी लाईन फुटली की आजीसुद्धा पाईप फुटला म्हणते, नळ फुटला म्हणत नाही. तो शब्द आता आपलाच झालाय. पण जहाजावर नुसतं पाईप म्हणून काही कळत नाही, तिथं पाईपला नाव पडतं ते त्याच्या कामावरून, आत काय वाहतंय आणि ते कुठनं कुठं चाललंय यावरून. म्हणून तुम्ही एकेका इंग्लिश शब्दाला एकेक मराठी शब्द शोधत बसू नका, आधी काम सांगा, शब्द आपोआप सापडतोय.

बिल्ज घ्या. जहाजाच्या पोटात सगळ्यात खाली, दोन्ही अंगाला, जिथं तळ वर वळतो तो भाग म्हणजे बिल्ज. वरचं सगळं गळकं पाणी, पंपाचे थेंब, सांडलेलं तेल, धुतलेलं पाणी तिथं खड्ड्यात जमतं. ते बाहेर काढायची जी लाईन ती बिल्ज लाईन. आपल्याकडं विहिरीतला गाळ, होडीतलं पाणी काढतात त्याला काय म्हणतात? उपसणे. नदीवरनं शेताला पाणी चढवतात ती उपसा योजना. मग बिल्ज लाईन म्हणजे उपशाची लाईन. पोरांना हे एका झटक्यात कळेल. मात्र हा उपसा तसाच समुद्रात टाकायचा नाही. तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातनं पाणी जातं आणि दहा लाख भागात 15 भागांपेक्षा जास्त तेल असलं की आपोआप बाहेरचा रस्ता बंद होतो. मार्पोल म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात हे आहे, आणि किती काढलं कधी काढलं त्याची नोंद वहीत करावी लागते. चार पानांत हे नक्की घाला, कारण ह्या एका लाईनीवरनं माणसं तुरुंगात गेलेली आहेत.

बॅलास्ट उलटं. ते मुद्दाम घेतलेलं समुद्राचं पाणी. माल उतरवला की जहाज हलकं होऊन वर येतं, जहाज ढकलणारा पंखा पाण्याबाहेर निघायला बघतो, वाऱ्यानं झुकतं, म्हणून टाक्यांत पाणी भरायचं. बैलगाडीत मागं जास्त ऊस पडला की गाडी उलाळ होते, मग आपण चार मोळ्या पुढं सरकवतो, तसंच आहे हे, फक्त मोळ्यांऐवजी पाणी, आणि ते एका टाकीतनं दुसऱ्या टाकीत सरकवायला पाईप. बिल्ज आणि बॅलास्ट दोन्हीकडं पाणीच असतं म्हणून नवीन पोरं गोंधळतात, तेव्हा उपसा आणि भार असं शिकवा.

प्रतिसाद (निपाणी)

मी शाळेत भाषा शिकवते, जहाजातलं काही येत नाही पण शब्दांचं सांगते. नळ हा संस्कृतमधला नल, म्हणजे बोरू, पोकळ गवताची काडी. इंग्लिशमधला पाईप लॅटिनमधल्या चिवचिवणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, आधी ती वाजवायची पिपाणी होती मग पोकळ नळी झाली. म्हणजे एक काडीतनं आला, एक आवाजातनं, पण दोघंही शेवटी पोकळ नळीपाशीच आले. आणि गंमत अशी की आपलं पाण्याचं पिंप पोर्तुगीज पिपावरनं आलंय, तोही त्याच घराण्यातला शब्द. पिंप आणि पाईप भावंडं आहेत! कन्नडात नळाला नल्ली म्हणतात आणि पाईपला कोळवे, बोअरला कोळवे बावी, हे आपल्या सगळ्या पोरांना पाट्यांवरनं माहीत असतं, मग शिकवताना कोळवेची आठवण करून द्यायला काय हरकत आहे? वर्गात कन्नडा बोलणारी पोरं असली तर त्यांनाही बरं.

आणखी एक शब्द सुचवते, बंब. आगीचा बंब, आंघोळीचा बंब. तोही पोर्तुगीज बोंबा म्हणजे पंप. हा शब्द जहाजातनंच आपल्या किनाऱ्यावर उतरलाय, त्याला परत जहाजावर न्यायला लाजायचं कशाला.

प्रतिसाद (खानापूर तालुका)

बंबाचं मला माहीत नव्हतं अक्का, धन्यवाद. मग फायर मेन म्हणजे बंबाची लाईन, ठरलं. सगळ्या जहाजभर फिरलेली लाईन, ठिकठिकाणी हायड्रंट, म्हणजे पाणी घ्यायची तोंडं, त्याला होज, म्हणजे वाकणारा लांब पाईप, जोडायचा. पाणी समुद्राचंच. ह्याचा एक जादा पंप इंजिन रूमच्या बाहेर वेगळ्या जागेत ठेवतात, कारण आग बहुतेकदा इंजिन रूममध्येच लागते आणि तिथला पंप तेव्हा कामाचा राहत नाही. आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्या पोरांना आवडेल अशी एक गोष्ट, प्रत्येक मोठ्या जहाजावर एक ठरलेल्या मापाची फ्लँज, म्हणजे पाईप जोडायची बोल्टच्या भोकांची गोल चकती, ठेवलेली असते, बाहेरचा व्यास 178 मिलिमीटर, चार बोल्ट. जगातल्या कुठल्याही बंदरात आग लागू दे, तिथल्या बंबाचा होज आपल्या लाईनीला जोडता यायला पाहिजे म्हणून हे माप सगळ्या देशांनी एकच ठेवलंय. लेथवर बसणाऱ्या पोराला माप का पाळायचं ते ह्याच्यापेक्षा चांगलं कशानं समजणार सांगा.

साऊंडिंगचा आवाजाशी संबंध नाही. टाकीत किती खोल पाणी आहे किंवा तेल आहे ते टेपला धातूची जड दांडी लावून आत सोडून मोजायचं. त्यासाठी डेकपासून टाकीच्या तळापर्यंत गेलेला पाईप म्हणजे साऊंडिंग पाईप.

प्रतिसाद (निपाणी)

मग मराठीत थांग! थांग लागला, थांगपत्ता, हेच की. इंग्लिशमध्येही तो साऊंड वेगळा, फ्रेंचमधल्या सोंदे म्हणजे खोली चाचपणे ह्यावरनं आलेला, आवाजवाला नव्हे. थांगनळी म्हणा.

प्रतिसाद (खानापूर तालुका)

थांगनळी फार आवडलं. मी तेरा वर्षं तो पाईप बघितला, दिवसातनं दोनदा मोजलं, कधी हा शब्द डोक्यात आला नाही. एक लिहा ताई, की त्या पाईपाच्या खाली तळाला एक जाड पत्रा वेल्ड केलेला असतो, दांडी रोज आपटून आपटून जहाजाच्या तळाला भोक पडू नये म्हणून.

प्रतिसाद (कारवार)

आमचं घर मासेमारीचं. होडीतलं पाणी उपसणे हेच आम्ही म्हणतो, खानापूरच्या काकांचं बरोबर आहे. सी चेस्टबद्दल सांगतो, चेस्ट म्हणजे इथं पेटी, पेटारा, छाती नव्हे. जहाजाच्या कुशीत पाण्याखाली एक पेटी केलेली असते, बाहेरच्या बाजूला जाळी, तिच्यातनं समुद्राचं पाणी आत ओढतात, इंजिन थंड करायला, बॅलास्टला, आगीला. 'पाणपेटी' चालेल का? कालवं आणि शेवाळ त्या जाळीला धरतं आणि इंजिन तापायला लागतं, हे आमच्या ट्रॉलरलाही होतं.

प्रश्न विचारणारी (अनगोळ)

पाणपेटी घेते! आणि स्ट्रम बॉक्स? त्याला रोज बॉक्स असंही लिहिलंय, गुलाबाचा काय संबंध?

प्रतिसाद (खानापूर तालुका)

बागेत पाणी घालायची झारी असते ना, तिच्या तोंडाला भोकं भोकं असतात त्याला इंग्लिशमध्ये रोज म्हणतात. उपशाच्या पाईपच्या तोंडाला अशीच भोकाभोकाची पेटी लावतात, म्हणजे चिंध्या, कॉटन वेस्ट पंपात जाणार नाही. आपल्याकडं नदीत मोटरीच्या फूटवॉल्वला जाळी असते, शेतकरी ज्याला फुटबॉल म्हणतात, तेच काम. आणि तिच्यात चिंधी अडकली की ती झाली झारीतला शुक्राचार्य, पंप हवा धरतो आणि पाणी हलत नाही. एकदा जोराच्या वाऱ्यात आम्ही दोघं छातीएवढ्या पाण्यात उभं राहून हातानं ती पेटी मोकळी केलीय, आत कुणीतरी पुसून टाकलेलं फडकं होतं. तेव्हापासनं मी पोरांना सांगायचो, फडकं खाली टाकू नका.

ह्याच लाईनीवरचा वॉल्व एकाच बाजूनं वाहू देतो, परत येऊ देत नाही. का, तर उलटा वाहिला तर समुद्र जहाजात येईल. झडप हा शब्द इथं बरोबर बसतो, कारण ती खरंच झडप घालून बंद होते. बाकी गेट वॉल्व, ग्लोब वॉल्व यांना वॉल्वच ठेवा.

आता जे मला खरं सांगायचंय ते. शब्द बनवण्यापेक्षा क्रियापदं सांभाळा. आपण बेळगावकडं नळाला पाणी आलं की पाणी सोडलं म्हणतो, म्हणजे सोड म्हणजे चालू कर. एकदा बंदरात माल उतरवताना बॅलास्ट घेत होतो, दोन नंबरची टाकी भरत आली होती, मी कोकणातल्या एका पोराला ओरडून सांगितलं, "आता तीन नंबर सोड!" त्याला वाटलं तीन नंबर राहू दे, हात लावू नको. त्यानं उघडलाच नाही. पंप चालू, दोन नंबर फुल्ल, आणि डेकवरच्या हवेच्या पाईपातनं, बगळ्यासारखी मान वाकवलेला असतो तो, पाणी भसाभसा वर. बॅलास्ट होतं म्हणून डेक धुवून निघालं. तेलाची टाकी असती तर बंदरात तेल सांडलं असतं आणि माझी नोकरी तिथंच संपली असती. दोघंही मराठीच बोलत होतो हो, दोघांचंही बरोबर होतं. त्यात हिंदीवाले खोल म्हणतात आणि आपल्याला ते विहिरीसारखं खोल ऐकू येतं.

म्हणून ताई, उघड आणि बंद कर, हे दोनच. सोड, लाव, मार, खोल हे चार शब्द पोरांच्या तोंडातनं आधी काढा. आणि बिल्ज, बॅलास्ट, फायर हे तीन शब्द इंग्लिशच पाठ करून घ्या, कारण रात्री अलार्म वाजला की फिलिपिनो, बंगाली, मल्याळी सगळे तेच ओरडतात. उपसा, भार, बंब हे समजायला. ओरडायला ते तीन.

प्रतिसाद (उद्यमबाग, बेळगाव)

रंगांचं कुणी सांगितलं नाही अजून. पाईपवरच्या पट्ट्या: हिरवी समुद्राचं पाणी, निळी गोडं पाणी, तपकिरी इंधन, नारिंगी बाकीची तेलं, लाल आगीची, चंदेरी वाफ, काळी सांडपाणी. ठरलेलं आहे हे. गोडं पाणी हा शब्द तसाच ठेवा, कोकणापासनं इथपर्यंत सगळे म्हणतात. आणि इंजिनकडं जोरानं जाणाऱ्या इंधनाच्या पाईपवर दुसरा पाईप चढवलेला असतो त्याचं नाव?

प्रतिसाद (खानापूर तालुका)

खोळ. उशीला असते तशी. आतला पाईप तडकला तर इंधन गरम इंजिनवर न उडता खोळीत उतरतं, तिथनं एका छोट्या टाकीत, आणि टाकी भरायला लागली की अलार्म.

प्रश्न विचारणारी (अनगोळ)

काल पहिलं पान वाचून दाखवलं. उपसा आणि थांग लगेच कळलं, पाणपेटीवर एकानं विचारलं की पेटीला कुलूप असतं काय, मग जाळीचं चित्र काढून दाखवलं. पानाच्या डोक्यावर ठळक लिहिलंय, 'उघड' आणि 'बंद कर', 'सोड' म्हणायचं नाही. भाऊ तास संपताना सवयीनं म्हणाला, आता सोडतो तुम्हाला, तर पाठीमागचा पोरगा म्हणाला, सर, उघडतो म्हणा.