जुनी एमजीबी घेऊन स्कॉटलंडला निघतोय, डिकीत स्पेअर आणि टूल्स काय काय टाकू?

रेडिंगकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६९ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, वायर व्हीलवाली. इंजिन ओरिजिनल १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना स्पार्क वाटून देणारा भाग) अजून पॉइंटच (करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) आहेत. आत्तापर्यंत गाडीची मजल म्हणजे रविवारी सकाळी जवळपास कुठेतरी जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. बंद पडली तर कोणीतरी येऊन घेऊन जाईल एवढं जवळ. आता जूनमध्ये मी आणि बायको नॉर्थ कोस्ट ५०० (स्कॉटलंडच्या उत्तरेचा गोल फिरणारा रस्ता) करायचं म्हणतोय, इनव्हर्नेसहून पश्चिमेला अॅपलक्रॉस, मग वर डर्नेस, जॉन ओ'ग्रोट्स आणि फिरून इनव्हर्नेस, साधारण ५१६ मैल, त्यात रेडिंगहून तिथवर जायचं-यायचं धरलेलंच नाही.

प्रश्न असा की इंटरनेटवर ज्या याद्या आहेत त्या वाचल्या तर मागे एक ट्रेलरच जोडावा लागेल. वॉटर पंप, अल्टरनेटर, क्लच सिलिंडर, हेड गॅस्केट सुद्धा (ते काय रस्त्याच्या कडेला बदलणार का कोणी??). रोडस्टरची डिकी तुम्हाला माहितीये, अर्धी स्टेपनीच खाते, उरलेल्या जागेवर बायकोने बॅग ठेवून आधीच हक्क सांगितलाय. पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि कॅप असं एक सीलबंद किट आणून ठेवलंय. तेवढं पुरेल का? अजून काय घ्यावं आणि काय बिनधास्त घरी ठेवावं? मला पाना धरता येतो, प्लग आणि ऑइल घरीच बदलतो, त्यापुढे फार नाही.

बी_सिरीज
रेडिंगकर, पहिलं काम करा, ते किट फोडा. आजच. सगळे नवीन पार्ट गाडीत बसवा, दोन-तीन रविवार गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, आणि जे जुने निघतील ते पुसून, डबीत घालून डिकीत टाका. सीलबंद पार्ट म्हणजे स्पेअर नव्हे, ती लॉटरी आहे. हल्ली जे रोटर आणि कंडेन्सर मिळतात त्यातले बरेच फालतू असतात, रोटरच्या वरच्या पितळी पट्टीला जो रिव्हेट असतो ना, काही रोटरमध्ये स्पार्क तिथूनच आतल्या शाफ्टकडे पळतो, मग प्लगला काही पोचतच नाही आणि माणूस कार्बोरेटर उघडून बसतो. रिव्हेट नसलेला लाल रोटर मिळतो, तो घ्या. कंडेन्सर तर त्याहून लबाड, थंड असताना ठणठणीत आणि गरम झाला की इंजिन बंद, अर्धा तास थांबलं की परत चालू. असला नवाकोरा कंडेन्सर पावसात डोंगरावर पहिल्यांदा बसवून बघायची वेळ येऊ नये एवढंच.

आता यादी. माझा नियम सोपा आहे, ज्याच्यामुळे गाडी जागेवर थांबते आणि जे मी रस्त्याच्या कडेला अर्ध्या-पाऊण तासात बदलू शकतो तेवढंच बरोबर. हेड गॅस्केट, वॉटर पंप, अल्टरनेटर, सगळं घरी. (अल्टरनेटर गेला तर दिवसा, हेडलाइट आणि हीटरचा पंखा बंद ठेवून, चांगल्या बॅटरीवर पुढच्या गावापर्यंत गाडी जाते. बेल्ट गेला तर मात्र नाही, कारण त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो.) म्हणून फॅनबेल्ट पाहिजेच, तो बदलायला अल्टरनेटरचे बोल्ट सैल केले की झालं.

इग्निशनमध्ये वरच्या चार वस्तू, शिवाय एक कॉइल, एक सर्वात लांब एचटी लीड (प्लगकडे जाणारी जाड वायर), दोन प्लग. आणि अजून एक गोष्ट जी कुठल्याच यादीत सापडत नाही, डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटकडे जाणारी छोटी वायर. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे बेसप्लेट सारखी हलते, त्याबरोबर ही वायर वाकत राहते आणि आतल्या आत तुटते, बाहेरून प्लास्टिक एकदम छान दिसतं. जुनी झाली असेल तर जायच्या आधीच बदला, स्पेअर ठेवायची गरजच नाही.

पेट्रोलमध्ये एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप. उजव्या मागच्या चाकाजवळ असतो. किल्ली फिरवली की टकटक आवाज येऊन थांबला पाहिजे, म्हणजे कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर भरले. सारखा भराभर टकटक करत राहिला तर पेट्रोल येत नाहीये किंवा कुठूनतरी हवा ओढतोय, आणि आवाजच नाही तर बहुतेक त्याचे पॉइंट चिकटलेत, तेव्हा हातोडीच्या दांड्याने त्याला हळूच टपली मारायची, खरंच चालू होतो. टपलीवर चालणारा पंप मात्र घरी आल्यावर बदला. पेट्रोलचा पाइप मीटरभर आणि चार जुबिली क्लिप (पाइप आवळायच्या पट्ट्या) ठेवा, पाइप एसएई जे३०आर९ लिहिलेलाच घ्या. सप्टेंबर २०२१ पासून इथे साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) झालंय आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, पाइप मऊ पडतो नाहीतर तडकतो, आणि पेट्रोल ठिबकतं ते गरम इंजिनवर. त्यामुळे फायर एक्स्टिंग्विशर पण, सीटजवळ, हाताला येईल असा, बॅगेखाली नाही.

बाकी थ्रॉटल केबल (हातभर वस्तू, वजन नाही, तुटली की सगळं ठप्प), वरचा आणि खालचा रेडिएटर होज, दोन लिटर पाणी, २०डब्ल्यू५० ऑइल, अर्धा लिटर डॉट ४ ब्रेक फ्लुइड, थोडे फ्यूज. होज जुने असतील तर तिथेही तोच नियम, नवीन गाडीवर आणि जुने डिकीत.

कोल्हापुरी_पाना
भावा, तुझी एमजीबी आणि आमची अँबॅसेडर म्हणजे सख्खी चुलत भावंडं की! आमच्या अँबीत १४८९ सीसीचं बी सिरीज इंजिन, तुझ्यात तेच घराणं १७९८ सीसी, फायरिंग ऑर्डर तीच १-३-४-२. आमच्या वडिलांची टॅक्सी होती, आंबा घाट, फोंडा घाट, पावसाळ्यात रात्री-अपरात्री. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या). बस्स. मोबाइल नव्हते बाबा तेव्हा, डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर) उघडायला न येणारा ड्रायव्हर घाटात जायचाच नाही.

डबा नुसता भरून काय उपयोग, आधी नक्की काय गेलंय ते ओळखता आलं पाहिजे. गाडी चालता चालता लाइट गेल्यासारखी एका क्षणात बंद पडली तर करंट बघ. आचके देत, दम लागल्यासारखी, परत थोडी ओढत मरत गेली तर पेट्रोल बघ. नेहमी खरं ठरतं असं नाही पण दहा मिनिटं वाया जायची वाचतात. मग एक प्लग काढ, लीडला लाव, इंजिनच्या लोखंडाला टेकव (पक्कडीने धर, पक्कडीची मूठ रबरी पाहिजे, नाहीतर तुलाच स्पार्क बसेल) आणि वहिनींना स्टार्टर मारायला सांग. पेट्रोल सांडलं असेल तिथे हे करू नको एवढं लक्षात ठेव.

पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगचा ०.०२५. फिलर गेज हरवलं तर व्हिजिटिंग कार्डवर घरी पोचता येतं. आणि हो, ज्या दिवशी निघणार त्याच्या आदल्या रविवारी घरासमोर उभी करून पॉइंट काढून परत बसव, दिवसा उजेडी. पॉइंटचा बारका स्क्रू हातातून सुटला की थेट डेल्कोच्या पोटात जातो, म्हणून स्क्रू पकडणारा स्क्रूड्रायव्हर घे आणि दोन जादा स्क्रू डब्यात टाक.

सावध_प्रवासी
सगळं बरोबर, पण एक विचारू? ब्रेकडाउन कव्हर घ्या ना, घरापर्यंत गाडी आणून देणारं. आजकाल कोण रस्त्यावर पॉइंट घासत बसतंय. सुट्टीला चाललाय की गॅरेज टाकायला? मी तर फोन, पॉवर बँक आणि क्रेडिट कार्ड एवढंच ठेवतो, माझी पण जुनी गाडी आहे.

बी_सिरीज
कव्हर पाहिजेच, त्यावर वाद नाही. पण वरती बऱ्याच पट्ट्यात फोनला रेंजच नसते. आणि रेंज मिळाली तरी व्हॅन यायला किती वेळ लागेल ते देवालाच माहीत, आलेला पोरगा पंचविशीतला असेल, बिचाऱ्याने आयुष्यात पॉइंट बघितलेले नसतील, तो लॅपटॉप कुठे जोडू म्हणून विचारेल. तुमच्या डब्यात पार्ट असला तर तो निदान मदत करू शकतो, नसला तर ट्रकवर घालून नेणार. सुट्टी संपली मग. कागदी नकाशा पण ठेवा.

रेडिंगकर
धन्यवाद सगळ्यांना, किट फोडलं, काम चालू आहे. घाटांचा विषय निघालाच आहे तर बेलाख ना बा (अॅपलक्रॉसकडे जाणारा घाट) वरून जाऊ का नको? आणि टूल्स नक्की कुठली, माझ्याकडे मेट्रिक सेट आहे मोठा.

टप_उघडा
मेट्रिक सेट घरीच ठेवा, या गाडीला जवळपास सगळीकडे इंची माप लागतं. ७/१६, १/२, ९/१६ हे तीन पाने दोन-दोन नग, एक ५/८, १३/१६ चा प्लग पाना, दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टेस्ट लॅम्प, क्रोकोडाइल क्लिपवाली दोन मीटर वायर, बांधायची तार, केबल टाय आणि स्वतःलाच चिकटणारी ती रबरी टेप. हे सगळं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून स्टेपनीच्या मधल्या पोकळीत कोंबायचं, आवाजही येत नाही आणि बॅगेची जागा शाबूत. टेस्ट लॅम्पबद्दल एक सांगतो, इग्निशन आणि पेट्रोल पंप दोन्हींना करंट पांढऱ्या वायरने येतो आणि तिला फ्यूज नाही, त्यामुळे दोन्ही एकदम मेले तर फ्यूज बॉक्स उचकत बसू नका, पांढरी वायर कुठे सैल झालीये ते शोधा.

वायर व्हील आहेत म्हणजे तांब्याची किंवा शिशाची हातोडी पाहिजे, लोखंडी मारलीत तर स्पिनरचे (चाक धरून ठेवणाऱ्या मधल्या मोठ्या नटाचे) कान जातील. दोन बाजूंचे आटे उलटे असतात, स्पिनरवर बाण असतो तो बघूनच मारा, आणि चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच पहिला ठोका द्या. स्टेपनीत हवा किती आहे ते पण बघा, वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा घ्या, तिथे रस्त्याच्या कडेला दलदल असते.

बेलाख ना बा वरून जरूर जा! समुद्राच्या लेव्हलवरून ६२६ मीटर, काही ठिकाणी चढ २० टक्के, एकेरी रस्ता. चढताना काही होत नाही, उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर बसून राहू नका, आणि ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर निघायच्या आधी बदलून घ्या. पेट्रोल अर्ध्यावर आलं की दिसेल त्या पंपावर भरा, सुपर (कमी इथेनॉलवालं पेट्रोल) मिळेलच असं नाही, एखादी टाकी ई१० ने काही बिघडत नाही.

आणि जून म्हणताय तर मिज! चिलटाएवढे किडे, वारा पडला की ढगासारखे येतात. दोन्ही हात बोनेटमध्ये असताना तोंडावर शेकडो बसले तर माणूस कितीही शांत असो, पॉइंटचा स्क्रू पडणारच. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते, दोन घ्या, एक टॉर्च धरणाऱ्याला.

रेडिंगकर
जाळी ऑर्डर केली. बायको म्हणते हातोडी तिच्या बॅगेत चालेल, पण ऑइलचा डबा नाही.

कोल्हापुरी_पाना
ऑइल सीटच्या मागे ठेव, टॉवेलात गुंडाळून. आणि परत आल्यावर फोटो टाक, बोनेट उघडं ठेवून काढलेला.