अनुभव धागा : मेसेजची भाषा आणि मुलांचं इंग्रजी – आधी शब्द की आधी आखूड रूप?

मुलं मेसेजमध्ये 'यू' (तू) हा शब्द पूर्ण न लिहिता 'यू' एवढं एकच अक्षर लिहून मोकळी होतात, त्यामुळे त्यांचं इंग्रजी बिघडतंय, ही तक्रार सतत कानावर येते. म्हणूनच इंग्रजी शिकवणाऱ्या, पेपर तपासणाऱ्या आणि मजकूर संपादणाऱ्या मंडळींना इथे मुद्दाम बोलावलं आहे. घरच्या हकिकती नकोत. कोणती चूक दिसते, ती कुठून येते आणि ती घालवायला काय करता, तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

धागाकर्ती (इंग्रजी शिक्षिका)

वहीत 'टुमॉरो'ऐवजी 'टीएमआरडब्ल्यू' दिसलं की लगेच लाल पेन उचलू नका. आधी त्या मुलाला मूळ शब्द पूर्ण लिहिता येतो का ते बघा. मुलं रोज वापरतात अशी वीस आखूड रूपं निवडायची ('पीपल'चं 'पीपीएल', 'बिफोर'चं 'बी४', 'बिकॉज'चं 'सीयूझेड', 'थँक्स'चं 'टीएचएक्स' वगैरे) आणि त्यांचे मूळ शब्द श्रुतलेखनाला घालायचे. कागद-पेनच हवं. फोनवर घेतलं तर निम्मे शब्द फोनच पुरे करतो आणि चाचणी वाया जाते.

अठरा-एकोणीस शब्द बरोबर आले तर त्या मुलाला स्पेलिंग येतं, फक्त कुठे काय लिहायचं याचं भान सुटलंय. दहा-बाराच आले तर दुखणं वेगळं आहे. त्याला शब्द भेटला तोच आखूड रूपात, मूळ रूप डोळ्यांखालून गेलेलंच नाही. इंग्रजी ही ज्यांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे त्यांच्यात हा दुसरा प्रकार जास्त आढळतो, आणि माझ्या मते खरी काळजी त्याचीच करायला हवी. पहिल्याला समज दिली की पुरतं, दुसऱ्याला शब्द शिकवावा लागतो.

एक सावधगिरी: 'टुमॉरो'त दोन एम लिहिणं ही मेसेजची चूक नव्हे. फोन नव्हते तेव्हाही मुलं ती करत होती.

भाषाविज्ञान शिकवणारा

ताईंच्या मुद्द्याला जोडून. कॉव्हेंट्री विद्यापीठात बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि सहकाऱ्यांनी १० ते १२ वर्षांच्या ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मेसेजमध्ये आखूड रूपं जास्त वापरणाऱ्या मुलांचं शब्दवाचन कमी नव्हे, उलट सरस निघालं. कारण समजण्यासारखं आहे. 'जीआर८' लिहायचं तर 'ग्रेट'मधला शेवटचा आवाज 'एट'सारखा आहे हे कानाला कळावं लागतं, आणि वाचन शिकताना नेमकी हीच जाण लागते.

टोरांटो विद्यापीठाच्या सॅली टॅग्लियामोंटे आणि डेरेक डेनिस यांनी २००८ साली ७२ किशोरवयीन मुलांच्या चॅटमधले दहा लाखांहून जास्त शब्द तपासले. 'एलओएल' (लाफिंग आउट लाउड) यासारखी रूपं जेमतेम २.४ टक्के भरली. आपल्याला ती जास्त वाटतात कारण डोळ्यांत तीच खुपतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ मध्ये अमेरिकेत ड्रू सिंगल आणि श्याम सुंदर यांना मेसेजमधली रूपं जास्त वापरणाऱ्या मुलांचे व्याकरणाच्या चाचणीतले गुण कमी दिसले. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात, कारण एकात शब्द तपासला आहे आणि दुसऱ्यात वाक्य. शिवाय हे सगळे संबंध आहेत, कशामुळे काय झालं याचा तो पुरावा नव्हे. आणि ही मुलं बहुतांशी इंग्रजी वातावरणात वाढलेली. त्यांच्याकडे शब्द आधी होता, आखूड रूप नंतर आलं. आपल्या विद्यार्थ्यांचा क्रम उलटा असेल तर ब्रिटनमधला दिलासा जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही.

दूरसंचार अभियंता

ही रूपं आळसातून आली असं म्हणणं मला पटत नाही. एसएमएसला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मिळतात. ७ बिटांचं अक्षर धरलं तर १६० अक्षरं, आणि देवनागरीसारख्या लिपीला १६ बिट लागत असल्यामुळे फक्त ७०. त्यात जुना बटणांचा फोन, एकेका बटणावर तीन-चार अक्षरं. 'यू' हा शब्द पूर्ण लिहायला ९ तीनदा, ६ तीनदा, ८ दोनदा असे आठ दाब. नुसत्या अक्षराला दोन.

गंमत 'जीआर८'ची आहे. 'ग्रेट' पूर्ण लिहायला आठ दाब, आणि आकडा चौथ्या दाबाला उमटत असेल तर 'जीआर८'लाही आठच! तिथे वाचत होती ती दोन अक्षरं. आता अक्षरांची मर्यादाही गेली आणि ती बटणंही गेली. जी रूपं अजून टिकून आहेत ती सलगी दाखवायला.

उत्तरपत्रिका तपासणारी

मला 'यू'पेक्षा पूर्णविराम जास्त छळतो. मेसेजमध्ये वाक्य संपलं की पूर्णविराम देत नाहीत, 'पाठवा' दाबतात. तीच सवय निबंधात आली की वाक्याचा शेवट कुठे करायचा हेच कळत नाही. मग स्वल्पविराम देत देत पाच ओळींचं एक वाक्य होतं. वर मुलांच्या मनात पूर्णविरामाबद्दल अढीही असते. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या प्रयोगात १२६ विद्यार्थ्यांना पूर्णविराम दिलेलं एकशब्दी उत्तर मेसेजमध्ये कमी मनापासूनचं वाटलं. तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर तसं वाटलं नाही. मुलांना हा फरक सांगितला की लगेच पटतो, कारण तो त्यांना आधीपासून जाणवलेला असतो.

'युअर' म्हणजे तुझं आणि 'यू आर' म्हणजे तू आहेस, या दोन्हींचं मेसेजमधलं रूप एकच, 'यूआर'. 'यू आर वेलकम'ऐवजी 'युअर वेलकम' ही चूक मेसेजने जन्माला घातली नाही, पण तिला खतपाणी नक्की घातलं. 'वूड हॅव'चं 'वूड ऑफ' होतं ते मात्र उच्चारामुळे. तिथे फोनला दोष देऊन चूक सुधारत नाही.

आयईएलटीएसची तयारी करून घेणारा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत गुण कुठे जातात ते नीट समजून घ्या. लेखनाचे निकष चार आणि चौघांना सारखं वजन. स्पेलिंग शब्दसंपत्तीच्या निकषात मोजलं जातं, विरामचिन्हं व्याकरणाच्या. म्हणजे एकाच सवयीचा फटका दोन ठिकाणी बसतो. शिवाय आखूड रूपांबरोबर 'ऑलदो', 'देअरफोर' हे जोडशब्द, म्हणजे वाक्यं जोडणारे शब्द, गायब होतात, कारण मेसेजमध्ये त्यांची गरजच पडत नाही. त्याची किंमत आणखी एका निकषात, मजकुराच्या सुसंगतीत.

धागाकर्ती

सर, तुमचा जोडशब्दांचा मुद्दा वर्गात रोज दिसतो. त्यासाठीचा सराव सविस्तर देते. मुलाने स्वतःचेच सहा मेसेज निवडायचे आणि प्रत्येक तीनदा लिहायचा: मित्राला, शिक्षकांना, अर्जात. वेळ वीस मिनिटं.

नेहमी फसतं ते असं. मुलं आखूड रूपं तेवढी पुरी करतात आणि काम झालं समजतात. 'कान्ट कम, फीवर' यात मेसेजमधलं आखूड रूप एकही नाही, तरी ते अर्जात चालणार नाही. म्हणून दुसऱ्या पायरीला तीन प्रश्न विचारायचे. कर्ता कुठे आहे? काळ कोणता? दोन तुकड्यांना जोडणारा शब्द कोणता? त्यातून 'आय कान्ट कम बिकॉज आय हॅव अ फीवर' येतं, आणि तिसऱ्या खेपेला 'आय विल नॉट बी एबल टू अटेंड, ॲज आय हॅव अ फीवर'. तिसरं वाक्य आयतं सांगू नका, दुसऱ्यातूनच निघू द्या. आणि उलटा प्रवासही करून घ्या: अर्जातलं वाक्य मित्राला पाठवण्याजोगं करायचं. त्यात मुलं हुशार असतात, आणि आपली भाषा कमी लेखली जात नाही हेही त्यांना कळतं.

अनुवादक

'नो कॅप' (खरंच, थाप नाही), 'लोकी' (थोडंसं, गुपचूप) यांचं स्पेलिंग अगदी बरोबर असतं, त्यामुळे चाचणीत ते सापडत नाहीत. 'नो कॅप' कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आलं. इंग्रजी परकी असलेल्या शिकणाऱ्याला ते फक्त इंग्रजी वाटतं, आणि तो नोकरीच्या ईमेलमध्येही 'गोइंग टू'चं बोलीतलं 'गॉना' लिहितो. शब्दाच्या अर्थाबरोबर तो कोण कोणाला म्हणतं, हेही वहीत टिपायला लावा.

एक पालक

मग घरी मेसेजमध्येसुद्धा पूर्ण स्पेलिंगची सक्ती करावी का?

मुद्रितशोधक

सक्ती नको. मुलं तुम्हाला पूर्ण शब्द पाठवतील, मित्रांना नाही, आणि वहीत फरक पडणार नाही. त्यापेक्षा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप दुरुस्ती बंद करा, चुकलेल्या शब्दाखालची लाल रेघ मात्र चालू ठेवा. आपोआप दुरुस्तीत चूक झाली हे मुलाला कळतच नाही. एकटं 'आय' कॅपिटल करायचं कामही फोनच करतो, म्हणून कागदावर ते छोटं राहतं. रेघ दिसली की मुलाला थांबून शब्द स्वतः दुरुस्त करावा लागतो. सुरुवातीला चिडचिड होईल, रेघेवर बोट ठेवून सुचवलेला शब्द उचलायचा मोहही होईल. तेव्हा आधी स्वतः एकदा लिहून बघायचं, मग सुचवलेला शब्द पाहायचा. आणि ज्या शब्दाखाली तीनदा रेघ आली तो हाताने वहीत.