इलिप्टिकलवर दम का लागत नाही?

इलिप्टिकल (उभं राहून पेडल फिरवायचं जिममधलं मशीन) अर्धा तास करूनही दम लागत नाही म्हणताय, तर आधी रेझिस्टन्स (पेडल किती जड जातं ते) बघा. १-२ वर ठेवला की मशीनमधलं जड चाक आपल्याच वेगाने फिरतं, पाय नुसते सोबत जातात. ५ मिनिटं हलकं चालवा, मग पेडल खरंच ढकलावं लागेल इतका वाढवा. १ मिनिट जोरात (दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये), २ मिनिटं सावकाश, अशा ६-८ फेऱ्या. स्थिर दांड्यावर रेलू नका, वजन हातांवर गेलं की पायांचं काम कमी होतं. पायांचे तळवे बधिर होत असतील तर भार चवड्यांवर पडतोय. टाचा टेकवा, लेस सैल करा. मशीनवरचा कॅलरीचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका, तो बऱ्याचदा फुगवलेलाच असतो.