धावून थांबल्यावर येणारा खोकला
धावून थांबल्यावर खोकला येत असेल तर ‘स्टॅमिना वाढला की खोकला जाईल’ असं म्हटलं जातं, ते पटत नाही. जोरात धावताना मिनिटाला १०० लिटरच्या आसपास हवा, तीही बहुतेक तोंडाने, आत जाते. ती ओलसर करताना श्वासनलिकेचं अस्तर सुकतं, तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन ही रसायनं सोडतात आणि नळ्या आवळतात. धावणं थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत त्रास सर्वाधिक होतो, म्हणून स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची चाचणी) तेव्हाच हवी. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर सोडलेली हवा) धावण्याआधीपेक्षा किमान १० टक्के घसरला तर व्यायामामुळे श्वासनळ्या आवळतात असं निदान. (विश्रांतीतली चाचणी बऱ्याचदा नॉर्मल येते आणि लोक निर्धास्त होतात!) डॉक्टरांनी दिलेला सालब्युटामॉलचा (नळ्या सैल करणाऱ्या औषधाचा) पंप धावण्याच्या १५ मिनिटं आधी घ्यावा. रोज घेतला तर मात्र त्याचा असर कमी होतो. मग स्टेरॉइडच्या पंपाबद्दल विचारा. श्वास आत घेताना घशात शिट्टी वाजत असेल तर अडचण बहुधा स्वरयंत्रात आहे, तिथे पंपाचा उपयोग नाही.