'जबाबदारीने खेळा'च्या ऐवजी काय लिहायचं? (जुगारासंबंधी मेसेज)

कागदफूल : नमस्कार मंडळी, एका मदत गटासाठी मेसेज लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ऑनलाइन बेटिंग आणि स्लॉट (पैसे लावून चित्रं फिरवायचा मशिनचा खेळ) खेळणाऱ्यांना खेळता खेळता स्क्रीनवर दिसतील असे एक-दोन ओळींचे. सध्या जिथे बघावं तिथे 'जबाबदारीने खेळा' नाहीतर 'जुगाराचं व्यसन लागू शकतं' एवढंच असतं आणि ते वाचून कुणी हात आवरत असेल असं मला तरी वाटत नाही. मग भीती घालायची का, की प्रेमाने सांगायचं, की नुसता हेल्पलाइन नंबर पुरे? नावापुरतं काहीतरी चिकटवायचं नाहीये, लोकांची घरं यात बसतात, म्हणून नीट विचारतेय.

आकडेमोड : 'जबाबदारीने खेळा' आधी काढ. त्यात काय करायचं हे सांगितलेलंच नाही आणि हरला तर तूच बेजबाबदार असा सूर आहे. ब्रिटनमध्ये २०१५ला 'मजा संपली की थांबा' अशी घोषणा आणली होती, त्यात 'मजा' हाच शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात, संशोधकांनी ती दाखवून आणि न दाखवून लोकांना पैजा लावायला दिल्या तर पैजा काही कमी झाल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाने २०२३मध्ये 'जबाबदारीने खेळा' छापाची ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी 'बहुतेक तुम्ही आता हरणार आहात', 'आज किती हरायची तयारी आहे? पैसे भरायची लिमिट लावा' अशा अर्थाच्या सात ओळी आणल्या, त्या आलटून पालटून वापरतात. दुसरी ओळ मला जास्त आवडते कारण तिच्यात पुढे काय करायचं तेही आहे.

आणि आकडे देणार असशील तर जपून. 'या खेळात ९० टक्के परत मिळतात' असं लिहिलं की लोकांना वाटतं १०० घेऊन बसलो तर उठताना ९० हातात असतील. तसं नसतं. ते ९० टक्के प्रत्येक डावाचे, म्हणजे परत आलेले पैसे पुन्हा लावले की त्यातूनही १० टक्के जातात, पुन्हा लावले की पुन्हा, असं करत सगळं संपतं. त्यापेक्षा 'तुम्ही लावलेल्या दर १०० मागे सरासरी १० हा खेळ ठेवून घेतो' असं लिही, हे लोकांना जास्त नीट कळतं असं अभ्यासातही दिसलंय.

निवांतपणे : मी समुपदेशनाचं काम करते. हरलेले पैसे वसूल करायच्या मागे लागलेल्या माणसाला उपदेश ऐकूच येत नाही, त्याच्या डोक्यात 'अजून एक डाव, मग बरोबरी' एवढंच चालू असतं. त्याला माहिती देण्यापेक्षा प्रश्न विचारलेला बरा, 'किती वेळ खेळताय? ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त पैसे गेले का?' स्लॉट मशिनवर असे स्वतःला तपासायला लावणारे मेसेज नुसत्या माहितीच्या मेसेजपेक्षा आपल्या विचारांवर आणि वागण्यावर जास्त परिणाम करतात असं खेळणाऱ्यांनीच एका अभ्यासात सांगितलेलं आहे. 'व्यसनी' हा शब्द मात्र कृपा करून नको, वाचणारा म्हणतो हे माझ्याबद्दल नाहीच, आणि ज्याच्याबद्दल असतं तो लाजेने अजून लपवायला लागतो.

अजून एक सांगते. नॉर्वेत सगळ्यात जास्त पैसे घालवणाऱ्या गिऱ्हाइकांना कंपनीकडून त्यांचा स्वतःचा आकडा कळवला, काहींना फोनवर, काहींना पत्राने. नंतरच्या आठवड्यांत फोनवाल्यांचं नुकसान सगळ्यात जास्त कमी झालं, पत्रवाल्यांचंही घटलं पण त्या मानाने थोडं, आणि ज्यांना काहीच कळवलं नाही त्यांच्यात जवळजवळ फरक नाही. म्हणजे सगळ्यांना एकच वाक्य दाखवण्यापेक्षा ज्याचा त्याला त्याचा हिशोब दाखवणं जास्त लागू पडतं.

सरळरेघ : स्क्रीन डिझाइनवाला बोलतोय. वाक्य कितीही चांगलं असू दे, कोपऱ्यात बारीक अक्षरात पळत असेल तर ते नसल्यासारखंच. मधोमध आलं पाहिजे, डाव थांबवून, आणि लगेच बंद करता येता कामा नये. रोज तेच वाक्य आलं तर बोट न वाचताच बंदच्या बटणावर जातं, त्यामुळे बदलत राहायचं. आणि मेसेजच्या खालीच लिमिटचं बटण हवं, सेटिंगमध्ये चार पानं आत शिरायला लावलंस तर कोणी जाणार नाही. लिमिटच्या यादीत मोठमोठे आकडे ठेवूच नकोस, ते काढले किंवा रिकामी चौकट देऊन आकडा स्वतः टाकायला लावला की लोक बरीच कमी लिमिट लावतात, ब्रिटनमध्ये हे करून बघितलंय. स्लॉटवर अजून एक चलाखी असते, २० लावले ८ आले तरी दिवे लागतात, संगीत वाजतं, माणसाला वाटतं जिंकलो. तिथे 'या डावात १२ गेले' एवढंच दाखव.

कागदफूल : खूपच उपयोगी, थँक्यू सगळ्यांना. मग असं कसं वाटतं, 'आज तुम्ही इतके लावले, इतके परत आले, इतके गेले. इथे थांबायचं का?' आणि खाली दोन बटणं, 'आजसाठी बंद करा' आणि 'लिमिट लावा'. पुढे खेळायचंय त्याला छोटा दुवा.

निवांतपणे : छान आहे. फक्त माणूस जिंकत असेल तेव्हाही हेच दाखव, गेल्या महिन्याभराचा हिशोब धरून, कारण मोठा डाव लागल्यावरच तो जास्त बेफिकीर होतो.

आकडेमोड : आणि तपासताना 'मेसेज आवडला का, आठवतो का' असं विचारू नकोस. ब्रिटनमधली ती घोषणाही लोकांना चांगली पाठ होती. मेसेज दिसलेल्यांनी आणि न दिसलेल्यांनी पुढच्या तासात किती पैसे लावले, किती जणांनी लिमिट खरंच लावली आणि महिन्याभराने ती टिकली का, एवढं मोज. गटाकडे तो डेटा मिळणार आहे का? नसेल तर कंपनीकडून तो लेखी मागून घ्या, काम सुरू करायच्या आधी.