चौकट कोण ठरवते: उपजत नजर की हाताची सवय?

क्षितिजरेषा:
‘निसर्गाचे फोटो काढताना रचनेचे नियम शिकूच नयेत, ज्याला नजर आहे त्याची चौकट आपोआप जुळते,’ असे पाणवठा यांनी काल या चर्चेत लिहिले आणि त्याला भरभरून दाद मिळाली. मला ते पटत नाही. ज्याला आपण उपजत नजर म्हणतो, ती बहुतेक वेळा अंगवळणी पडलेली सवय असते. गेल्या वर्षी मी माझे चाळीस फोटो छापून जमिनीवर मांडले, तेव्हा निम्म्याहून अधिक फोटोंत डाव्या कोपऱ्यात एक ओला दगड होता, क्षितिज वरच्या तृतीयांशावर (चौकटीचे तीन समान भाग करून रेषा त्यांच्या सीमेवर ठेवण्याच्या नियमाप्रमाणे) होते आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर होता. ती जागा आतून सुचली असे मला दर वेळी वाटले होते. प्रत्यक्षात रुंद दृश्य टिपणारी वाइड अँगल लेन्स लावली की माझे पाय दगडच शोधत निघायचे.

पाणवठा:
तुमच्या दगडावरून सगळ्यांची नजर जोखू नका. १९४१ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो टिपला, तेव्हा घाईत त्यांना उजेड मोजणारा लाइट मीटरही सापडला नाही. गावच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरचे ऊन सरत होते, एकच निगेटिव्ह घेता आली आणि दुसरीच्या आधी उजेड गेला. तिथे तृतीयांश मोजायला सवड कुठे होती?

क्षितिजरेषा:
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. चंद्राची प्रखरता, दर चौरस फुटाला २५० कँडल, त्यांना पाठ होती आणि तेवढ्यावर त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवले. वर्षानुवर्षे हात बसल्याशिवाय हे होत नाही.

पाणवठा:
ते एक्स्पोजरचे झाले. मी चौकटीविषयी बोलतो आहे, विषय बदलू नका.

अंधारखोली:
दोघेही अर्धीच गोष्ट सांगत आहात. त्या निगेटिव्हचा खालचा भाग त्यांनी १९४८ मध्ये रसायनाने गडद केला (निगेटिव्हवर गडद ते छापल्यावर उजळ) आणि पुढच्या प्रिंटांमध्ये आकाश अधिकाधिक काळे होत गेले. चित्र त्या संध्याकाळी पुरे झालेच नव्हते. म्हणून ‘क्रॉप करणारा (फोटोच्या कडा नंतर छाटणारा) आळशी’ हे मला इथे वारंवार ऐकवले जाते, ते आता थांबवावे.

पाणवठा:
आकाश गडद करणे वेगळे आणि कडा छाटणे वेगळे. मी ३६ फ्रेमच्या स्लाइड रोलवर शिकलो. तिथे जे टिपले तेच पडद्यावर दिसायचे, त्यामुळे चारही कोपरे पाहिल्याशिवाय बटण दाबण्याची हिंमत होत नसे. नंतर छाटता येते हे ठाऊक असलेला माणूस कोपरे पाहतच नाही.

अंधारखोली:
हा सरळ आरोप आहे. माझे कोपरे तुम्ही कधी पाहिलेत? आणि रोल संपेल या धाकाने लागलेली शिस्त तुमच्या लेखी उपजत नजर ठरते, तर माझी सवय मात्र आळस?

पाणवठा:
शिस्त धाकाने लागली, एवढे मान्य करतो. त्यापुढे एक अक्षरही नाही. पण क्षितिजरेषा, दगड सापडल्यावर तुम्ही काय केलेत, ते सांगा.

क्षितिजरेषा:
महिनाभर फक्त अरुंद दृश्य टिपणारी ८५ मिमी लेन्स लावली, ट्रायपॉड घरी ठेवला आणि डोळ्यांच्या उंचीवरूनच फोटो काढले. पहिले काही दिवस काहीच जुळत नव्हते, कारण पायाशी आधाराला काही उरले नव्हते. त्या महिन्यातला एकच फोटो मी जपला: धुक्यातून अर्धे वर आलेले झुडूप, जवळजवळ मधोमध. तो काढताना मी काहीही ठरवले नव्हते, आणि हे तुम्हाला सांगणे मला जड जाते आहे.