काळू धरण ठाण्याला हवेच आहे का?

धागाकर्ता, घोडबंदर रस्ता, ठाणे

ठाण्याला स्वतःच्या हक्काचे धरण हवे आणि मुरबाड तालुक्यात वर्षानुवर्षे रखडलेला काळू प्रकल्प त्यासाठी मार्गी लागला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आज आपले पाणी चार दिशांनी येते. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवर आहे, स्टेम हे पाणीपुरवठा करणारे प्राधिकरण उल्हास नदीतून पाणी उचलते, कळवा, मुंब्रा आणि दिवा हे भाग मुख्यतः एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून आहेत, आणि थोडा वाटा मुंबई महापालिका देते. यांतला एकही जलाशय ठाणे महापालिकेच्या मालकीचा नाही. त्यामुळे कुणाची जलवाहिनी फुटली, कुणी दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला किंवा कुणी कपात जाहीर केली, तरी झळ आपल्याला बसते आणि त्या निर्णयात आपला शब्द चालत नाही. शटडाऊन चोवीस तासांचा असला, तरी त्यानंतर एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येते. आमच्या सोसायटीचा वॉचमन मे महिन्यात रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत काठी बुडवतो, काठीवरची ओल कुठवर आली ते पाहतो आणि मगच टँकरवाल्याला फोन करतो.

नवी मुंबईची स्थिती वेगळी आहे. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर असलेले मोरबे धरण तिथल्या महापालिकेने 2002 मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्य सरकारच्या पाणीपुरवठा संस्थेकडून आपल्याकडे घेतले. सुमारे 190 दशलक्ष घनमीटर साठवणुकीच्या या धरणातून दररोज 450 दशलक्ष लिटर पाणी मिळण्याची सोय आहे. पाऊस लांबला, तर कपात कधी आणि किती करायची हे ती महापालिका स्वतःच्या साठ्याकडे पाहून ठरवते. ठाण्याची लोकसंख्या ज्या वेगाने वाढते आहे, तो पाहता आपल्यालाही असा आधार मिळायलाच हवा.

प्रतिसाद: मुरबाड तालुक्यातील रहिवासी

आपली अडचण खरी आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु आपण ज्याला आधार म्हणता, तो आमच्या पायाखालची जमीन काढून उभा राहणार आहे आणि आपल्या लेखात त्याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. काळू ही माळशेजच्या बाजूने येणारी उल्हासची उपनदी आहे. हे धरण झाले, तर सुमारे 1,000 हेक्टर वनजमीन पाण्याखाली जाईल आणि त्या जंगलावर जगणारे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजांचे पाडे, त्यांची भातखाचरे आणि वरकस (डोंगरउतारावरच्या हलक्या) जमिनीही जातील. वन खात्याची परवानगी हाती नसताना काम सुरू झाले होते, म्हणून 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. प्रकल्प ‘रखडला’ एवढेच लिहिले की दोष स्थानिकांच्या माथी येतो, म्हणून हे कारण नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आता शेजारच्या शहापूर तालुक्याकडे पाहावे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर आहे आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा याच तालुक्यातल्या एकट्या भातसा धरणाचा आहे. तानसा तलावही इथेच आहे. भातसाच्या पायथ्याशी 15 मेगावॉटचे वीजघर आहे, कालवे आहेत आणि महानगराकडे जाणाऱ्या प्रचंड जलवाहिन्या आहेत. असे असूनही एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर सुरू होतात. तो टँकर घरोघरी फिरत नाही. तो विहिरीच्या काठाशी उभा राहतो आणि जाड नळी थेट कोरड्या विहिरीत सोडतो. तळाचा गाळ ढवळला जातो आणि ते गढूळ पाणी निवळण्याची वाट न पाहता बाया पोहरे टाकतात, कारण मागे राहणाऱ्याच्या हंड्यात फक्त चिखल येतो. या तालुक्याची तहान भागवण्यासाठी अखेर नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली. उशाशी धरण असून पाणी घाटापलीकडून आणावे लागते, हे पाहिल्यावर काळू धरणामुळे मुरबाडचे भले होईल, या आश्वासनावर आम्ही कसा विश्वास ठेवावा?

प्रतिसाद: कळवा

मुरबाडच्या सदस्यांचा संताप मी समजू शकतो, पण मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. आपल्या भागात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. खाली काळा कातळ आहे, त्यामुळे पाणी फारसे मुरत नाही आणि डिसेंबर-जानेवारीनंतर ओढे आटतात. ते पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचे असेल, तर मोठा साठा करण्यावाचून गत्यंतर नाही. वनराई बंधारे आणि शेततळी पाड्यांच्या उपयोगाची असली, तरी लाखोंच्या शहराची तहान त्यांतून भागणार नाही.

शिवाय नव्या धरणाऐवजी जुन्याची उंची वाढवण्याचा मार्गही आपल्या जिल्ह्यात चोखाळला गेला आहे. एमआयडीसीने 1972 मध्ये बांधलेल्या बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि 2019 च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी साठवले गेले. बाधित कुटुंबांतील एकेका व्यक्तीला एमआयडीसीत किंवा पाणी घेणाऱ्या महापालिकांत नोकरी देण्याचे धोरणही ठरले. म्हणजे इच्छा असेल, तर पुनर्वसन होऊ शकते.

प्रतिसाद: मुरबाड तालुक्यातील रहिवासी

बारवीच्या नोकऱ्यांसाठी लोकांना किती वर्षे खेटे घालावे लागले, हेही सांगायला हवे होते. पाणी आधी अडवायचे आणि हिशेब मागाहून करायचा, ही रीतच आम्हाला मान्य नाही.

प्रतिसाद: ऐरोली, नवी मुंबई

मोरबेचा दाखला दिला गेला आहे, म्हणून नवी मुंबईच्या रहिवाशाच्या नात्याने लिहीत आहे. धरण हाताशी असल्याचा लाभ आम्हाला मिळतो, हे निर्विवाद आहे. मात्र त्या धरणासाठी जमिनी दिलेल्यांच्या मागण्या आजही पूर्णपणे निकाली निघालेल्या नाहीत आणि त्यांना आजही आंदोलनाचा इशारा द्यावा लागतो. एखादे शहर धरणाचे मालक झाले, की जुन्या देण्याचेही मालक होते, याचा विचार ठाण्याने आधी करावा.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे इथे सांडपाण्यावर तृतीय स्तराची, म्हणजे नेहमीच्या प्रक्रियेनंतर आणखी शुद्ध करण्याची, प्रक्रिया करणारी, प्रत्येकी 20 दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभारली आहेत. ते पाणी पिण्यासाठी नसून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी आहे, आणि कारखान्यांनी ते जेवढे वापरले, तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी शिल्लक राहते. ठाण्यातही दररोज प्रचंड सांडपाणी खाडीला मिळते. बांधकामे, बागा, गाड्या धुणे आणि वागळे इस्टेटमधले उद्योग यांना असे पाणी सक्तीने दिल्यावरही तुटवडा उरला, तरच नव्या जलाशयाची मागणी न्याय्य ठरेल. जलवाहिन्यांची गळती आणि मीटर नसलेल्या जोडण्या हा विषय तर आपण अजून काढलेलाच नाही.

धागाकर्ता

प्रक्रिया केलेले पाणी आणि गळती रोखणे, दोन्ही व्हायलाच हवे. माझा मुद्दा एवढाच आहे, की ती कामे पूर्ण होईपर्यंत धरणाचा विचार थांबवला, तर दहा वर्षांनी आपण याच टँकरांच्या रांगेत उभे असू. सर्वेक्षण, वनपरवानगी आणि पुनर्वसन यांनाच इतका काळ लागतो, की सुरुवात आज करणे भाग आहे. धरणाच्या खर्चात मुरबाडच्या गावांची नळयोजना धरली जावी आणि तिचे पैसे ठाण्याने द्यावेत, याला माझी पूर्ण तयारी आहे.

प्रतिसाद: मुरबाड तालुक्यातील रहिवासी

तयारी असेल, तर ती नेमक्या शब्दांत मांडावी. सांडपाणी योजना असलेल्या शहराला माणशी दररोज 135 लिटर आणि खेड्याला 55 लिटर, असे सरकारी मानक आहे. म्हणजे तुमच्या घरातला माणूस आमच्या माणसाच्या जवळपास अडीचपट पाण्याचा हक्कदार ठरतो, आणि आमच्या वाट्याचे 55 लिटरही उन्हाळ्यात मिळत नाहीत. आमच्या अपेक्षा साध्या आहेत. मुरबाडच्या प्रत्येक पाड्यावर आधी नळ यावा आणि धरणात पाणी अडवण्याचे काम त्यानंतरच व्हावे. पुनर्वसनाची जमीन सातबारावर विस्थापितांच्या नावे चढल्याखेरीज कुणालाही घर सोडायला लावू नये. आणि जलाशयातला मासेमारीचा हक्क बाहेरच्या ठेकेदाराऐवजी स्थानिकांच्या संस्थेला मिळावा. या तिन्ही गोष्टी करारात लिहून वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेपुढे आल्या, तर लोक किमान बसून ऐकतील. त्याआधी आमच्याकडून संमतीचा ठराव होणार नाही.